रोमच्या वाटेवरील प्रवाद : मुंबईतील अँग्लिकन मठसंस्था आणि कॅथलिक एकीकरणाचा प्रश्न

१. एक घटना व तिचे दोन अर्थ

इ. स. १८८८ मध्ये ल्यूक रिव्हिंग्टन ह्या इंग्रज धर्मगुरूने रोम येथे कॅथलिक धर्ममंडळात प्रवेश केला. इंग्लंडच्या धार्मिक इतिहासात ही घटना तशी किरकोळ होय. जॉन हेन्री न्यूमन (१८४५) व हेन्री एडवर्ड मॅनिंग (१८५१) ह्यांच्या धर्मांतरांनी उडालेल्या खळबळीनंतर अशा प्रवेशांची यादी बरीच लांबलेली होती. परंतु मुंबईच्या इतिहासाच्या अभ्यासकास ह्या घटनेकडे इतक्या सहजपणे पाठ फिरविता येत नाही. रिव्हिंग्टन हे 'सोसायटी ऑफ सेंट जॉन दि इव्हँजेलिस्ट' ह्या अँग्लिकन मठसंस्थेचे सदस्य होते. लोकव्यवहारात ही मंडळी 'काउली फादर्स' ह्या नावाने ओळखली जात. ह्या संस्थेच्या मुंबईतील मठाचे प्रमुखपदही रिव्हिंग्टन ह्यांनी सांभाळले होते. अँग्लिकन म्हणवून घेणारे हे संन्यासी मनाने रोमचेच आहेत, आज ना उद्या ते तिकडे जाणारच, असा संशय ज्यांच्याविषयी पूर्वीपासून व्यक्त केला जात होता, त्यांच्याच एका पुढाऱ्याने तो संशय खरा करून दाखविला, असे वरवर पाहणाऱ्यास वाटावे अशीच ही घटना होती.

ह्या निबंधाचा विषय हा संशय होय. तो खरा होता की खोटा, एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. एखादा प्रवाद कशामुळे उत्पन्न होतो, कोणत्या समाजात तो कोणते रूप घेतो आणि त्याची किंमत कोणास मोजावी लागते, हे प्रश्न इतिहासकाराच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहेत. मुंबई, साष्टी आणि पुणे ह्या तीन ठिकाणी ह्या प्रश्नांची जी उत्तरे मिळतात, ती परस्परांहून पुष्कळ भिन्न आहेत. ती एकत्र ठेवून पाहिल्याखेरीज विषयाचे खरे स्वरूप ध्यानात येत नाही.

२. तीन गोष्टींची गल्लत

आरंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. एकोणिसाव्या शतकातील अँग्लिकन मंडळी 'रोमकडे झुकली' असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा त्या एका वाक्यात तीन निरनिराळ्या गोष्टी सामावलेल्या असतात. पहिली म्हणजे उपासनाविधीतील सादृश्य : वेदीवरील मेणबत्त्या, धूप, विशिष्ट वस्त्रे, पापनिवेदन, मठवास, ब्रह्मचर्याचे व्रत. दुसरी म्हणजे सामुदायिक एकीकरणाची इच्छा : अँग्लिकन धर्ममंडळ व रोमचे धर्ममंडळ ही दोन्ही, आपापली अधिकारपरंपरा राखून, पुन्हा एक व्हावीत अशी आकांक्षा. तिसरी म्हणजे व्यक्तीचे धर्मांतर : एखाद्याने आपले पूर्वीचे मंडळ सोडून रोमच्या मंडळात प्रवेश करणे. ह्या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या ठायी असू शकतात. तथापि एकीवरून दुसरीचे अनुमान काढणे तर्काला धरून नाही. किंबहुना दुसरी व तिसरी ह्यांत मूलतः विरोध आहे. ज्यास दोन घरे एक व्हावीत असे मनापासून वाटते, तो स्वतःचे घर सोडून शेजारच्या घरात राहावयास जाईलच असे नाही. तो गेला तर एकीकरणाची भाषा बोलणारा एक माणूस मात्र कमी होतो.

ही गल्लत निर्माण होण्यास ऐतिहासिक कारणे होती. १८३३ मध्ये सुरू झालेल्या ऑक्सफर्ड चळवळीने असे प्रतिपादन केले की इंग्लंडचे धर्ममंडळ हे राजाच्या कायद्याने निर्माण झालेले खाते नसून प्रेषितांपासून चालत आलेल्या परंपरेची एक शाखा आहे. म्हणजे ते स्वतःच 'कॅथलिक' आहे. शब्द तोच, पण अर्थ दोन. अँग्लिकन धर्मगुरू स्वतःस कॅथलिक म्हणवीत असे तेव्हा त्याच्या मनात रोमची आज्ञाधारकता नसे. उलट, रोमवाचूनही आपण कॅथलिक आहोत हाच त्याचा मुद्दा असे. ऐकणाऱ्यास मात्र हा शब्द म्हणजे कबुलीजबाब वाटे. १८४१ मध्ये न्यूमन ह्यांनी लिहिलेल्या नव्वदाव्या पुस्तिकेने अँग्लिकन धर्मकलमांचा अर्थ कॅथलिक शिकवणीशी जुळता लावून दाखविला आणि चारच वर्षांनी ते स्वतः रोमच्या मंडळात गेले. ह्या क्रमाचा लोकमनावर असा ठसा उमटला की पुढील प्रत्येक अँग्लिकन सुधारकाकडे लोक त्याच क्रमाच्या अपेक्षेने पाहू लागले.

प्रवाद केवळ एकाच दिशेने चालत नसतो, हेही येथे नमूद करावयास हवे. १८६२ मध्ये न्यूमन हे पुन्हा अँग्लिकन मंडळात परत येणार, अशी वार्ता इंग्लंडमधील वृत्तपत्रांतून पसरली, आणि ती खोडून काढण्यासाठी त्यांना जाहीर पत्र लिहावे लागले. १८७७ मध्ये काही अँग्लिकन धर्मगुरूंनी सामुदायिक एकीकरणासाठी एक गुप्त स्वरूपाचा संघ स्थापिला. त्याच्या पुढाऱ्यांनी व्हेनिसजवळच्या समुद्रात, कोणत्याही बिशपच्या अधिकारक्षेत्राबाहेर, नौकेवर दीक्षा घेतली अशी आख्यायिका त्या संघाभोवती निर्माण झाली. १८९७ मध्ये वॉल्टर वॉल्श ह्यांनी ऑक्सफर्ड चळवळीचा 'गुप्त इतिहास' म्हणून जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात अशा सर्व गोष्टी एका सूत्रात ओवून सबंध चळवळ हा एक कट आहे असे ठरविण्यात आले. गुप्तता जेथे खरोखर होती तेथे ती थोड्या लोकांची होती. तिचे खापर मात्र उघडपणे वागणाऱ्या बहुसंख्यांच्या माथी फुटले.

ह्या संशयास कायद्याचेही पाठबळ मिळाले. १८७४ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने उपासनाविधींचे नियमन करणारा कायदा केला आणि त्याच्या अंमलबजावणीत १८७७ पासून पुढील दहा वर्षांत पाच अँग्लिकन धर्मगुरूंना तुरुंगवास घडला. ज्या वर्षी हा कायदा झाला त्याच वर्षी काउली फादर्स मुंबईस आले. हा निव्वळ योगायोग असला तरी, ही मंडळी कोणत्या वातावरणातून आली हे त्यावरून समजते.

३. माझगावचे शेजार

काउलीची मठसंस्था १८६६ मध्ये ऑक्सफर्डजवळ रिचर्ड मो बेन्सन ह्यांनी स्थापन केली. धर्मसुधारणेनंतर इंग्लंडमध्ये स्थिरपद झालेली पुरुषांची ही पहिली अँग्लिकन संन्यस्त संस्था होय. दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन ही तिन्ही व्रते तिचे सदस्य घेत. मुंबईचे अँग्लिकन बिशपपद १८३७ मध्ये निर्माण झाले होते. १८५१ ते १८६९ पर्यंत त्या पदावर असलेले बिशप हार्डिंग हे इव्हँजेलिकल मताचे होते. त्यांच्यामागून आलेल्या बिशप डग्लस ह्यांच्या कारकिर्दीत काउली फादर्सना येथे वाव मिळाला, आणि १८७६ ते १८९७ ह्या दीर्घ काळात बिशप मिल्न ह्यांनी त्यांच्या कार्यास आश्रय दिला. म्हणजे एका पिढीच्या आत मुंबईच्या अँग्लिकन जीवनाचा सूर पालटला. जुन्या मताच्या मंडळींना हा पालट अस्वस्थ करणारा वाटावा ह्यात नवल नाही.

ह्या संस्थेचे कार्य प्रामुख्याने माझगाव, उमरखाडी आणि पुढे पुणे येथे चाले. माझगावची निवड ह्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी आहे. तेथे सेंट पीटर्स हे अँग्लिकन देवालय होते, आणि त्याच वस्तीत पोर्तुगीज काळापासून चालत आलेले 'ग्लोरिया' हे कॅथलिक देवालयही होते. एकाच वस्तीत दोन देवालये, दोन्हीकडे वेदी, दोन्हीकडे झगा घातलेला 'फादर', दोन्हीकडे ब्रह्मचारी धर्मगुरू. ज्यास इंग्लंडच्या धर्मकलमांचा वाद ठाऊक नाही अशा वाटसरूस ह्यांतील भेद सांगता आला नसता. परंतु भेद होता, आणि तो अगदी मूलभूत होता. ग्लोरियाच्या धर्मगुरूची अधिकारपरंपरा गोव्याच्या आर्चबिशपमार्गे रोमपर्यंत पोहोचत होती. सेंट पीटर्सच्या धर्मगुरूची परंपरा कँटरबरीपाशी थांबत होती, आणि तीच खरी आहे असा त्याचा आग्रह होता.

४. रिव्हिंग्टन व पुलर

आता रिव्हिंग्टन ह्यांच्याकडे वळू. त्यांचा जन्म १८३८ मध्ये लंडनच्या एका सुप्रसिद्ध प्रकाशक घराण्यात झाला. ऑक्सफर्ड येथे शिक्षण, १८६२ मध्ये अँग्लिकन दीक्षा, स्टॅफर्डशायरमधील स्टोक येथे स्वतःची संन्यस्त संस्था स्थापण्याचा एक अयशस्वी प्रयत्न, त्यानंतर काउलीच्या संस्थेत प्रवेश व मुंबईतील प्रमुखपद, असा त्यांचा जीवनक्रम दिसतो. १८८८ मध्ये रोम येथे त्यांनी मंडळ बदलले आणि त्याच वर्षी 'अधिकार' ह्या विषयावर पुस्तक लिहून आपल्या निर्णयाची कारणे दिली. १८८९ मध्ये ते कॅथलिक धर्मगुरू झाले. त्याच वर्षीचे त्यांचे दुसरे पुस्तक अँग्लिकन भूमिकेच्या असुरक्षिततेवर होते. १८९९ मध्ये त्यांचा अंत झाला.

ह्या पुस्तकांच्या शीर्षकांवरूनच त्यांच्या मनातील प्रश्न उघड होतो. धूप, मेणबत्त्या वा वस्त्रे हा तो प्रश्न नव्हता. ते सर्व त्यांना काउलीच्या मठात मिळतच होते. धर्मविषयक वादात अखेरचा निर्णय कोणी द्यावयाचा, हा तो प्रश्न होता. विधींच्या आवडीमुळे माणूस रोमकडे ओढला जातो, ह्या लोकप्रिय समजुतीला रिव्हिंग्टन ह्यांचेच उदाहरण बाधक ठरते.

ह्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, त्यांच्यामागून संस्था गेली नाही. संस्थापक बेन्सन अखेरपर्यंत अँग्लिकन राहिले, मुंबई व पुणे येथील कार्य चालू राहिले, आणि रिव्हिंग्टन ह्यांना सर्वांत समर्थ उत्तर देणाऱ्यांपैकी एक लेखक त्याच संस्थेतून पुढे आला. फ्रेडरिक विल्यम पुलर हे काउलीचेच सदस्य. १८९३ मध्ये त्यांनी प्राचीन संत व रोमचे पीठ ह्या विषयावर ग्रंथ लिहून, आरंभीच्या शतकांत पोपची सार्वभौम सत्ता मान्य नव्हती असा पक्ष मांडला. रिव्हिंग्टन ह्यांनी १८९४ मध्ये प्राचीन धर्ममंडळ व पेत्राचे पीठ ह्यांवर ग्रंथ लिहून विरुद्ध पक्ष मांडला. एकाच मठाचे संस्कार झालेले दोन पंडित, त्याच ग्रीक-लॅटिन साधनांवरून, विरुद्ध निष्कर्षांप्रत आले.

परंतु कथा येथेच संपत नाही. रोमच्या दाव्यांविरुद्ध ग्रंथ लिहिणारे हेच पुलर १८९६ मध्ये स्वतः रोमला गेले. पोप तेरावे लिओ ह्यांनी अँग्लिकन दीक्षेच्या प्रामाण्याचा विचार करण्यासाठी मंडळ नेमले होते. त्यातील अनुकूल सभासदांना ऐतिहासिक माहिती पुरविण्यासाठी टी. ए. लेसी व पुलर तेथे राहिले होते. लॉर्ड हॅलिफॅक्स व फ्रेंच धर्मगुरू फर्नाँ पोर्ताल ह्यांच्या मैत्रीतून हा प्रयत्न उत्पन्न झाला होता, आणि दोन धर्ममंडळांत सन्मानपूर्वक बोलणी सुरू व्हावीत हा त्याचा हेतू होता. पुलर रोमला गेले ह्या एका वाक्यावरून वाचकाने कोणता निष्कर्ष काढला असता? तो सर्वस्वी चुकीचा ठरला असता. ते गेले ते एकीकरणासाठी, आणि परतले ते अँग्लिकन म्हणूनच. रिव्हिंग्टन गेले ते एकीकरणाची आशा सोडून. वर सांगितलेल्या भेदाचे ह्याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण आहे.

१३ सप्टेंबर १८९६ रोजी पोपच्या आज्ञापत्राने अँग्लिकन दीक्षा सर्वथा निरर्थक व शून्यवत ठरविली. कँटरबरी व यॉर्क येथील आर्चबिशपांनी १८९७ मध्ये लॅटिनमध्ये तिला उत्तर दिले. सामुदायिक एकीकरणाचे दार त्या पिढीपुरते बंद झाले. उरली ती एकेकट्या माणसाने जाण्याची वाट. म्हणजे ज्या गोष्टीचा संशय घेतला जात होता, तिला अधिक बळ देण्याचे काम रोमच्या ह्या निर्णयानेच केले.

५. साष्टीचा आरसा

मुंबईबाहेर साष्टी बेटात, म्हणजे आजच्या वांद्रे, अंधेरी, मरोळ, कुर्ला, बोरिवली ह्या उपनगरांच्या प्रदेशात, ह्या प्रश्नाला एक वेगळीच पार्श्वभूमी होती. येथील मराठी बोलणारे कॅथलिक शेतकरी, मिठागरवाले व कोळी हे सोळाव्या शतकापासून त्या धर्मात होते. १७३९ मध्ये वसई पडल्यानंतर मराठ्यांच्या आणि १७७४ नंतर इंग्रजांच्या अमलातही त्यांची देवालये गोव्याच्या धर्मसत्तेखाली राहिली. कोंडिवट्याचे १५७९ मधील देवालय १८४० च्या साथीनंतर सोडून वस्ती व उपासना मरोळास हलली. अशा स्थलांतरांतूनही ह्या समाजाची धर्मनिष्ठा अभंग राहिली. जी अभंग राहिली नाही ती एकी.

पोर्तुगालच्या राजाचा धर्मसंरक्षणाचा जुना हक्क, म्हणजे 'पाद्रोआदो', आणि रोमच्या 'प्रोपागांडा' ह्या धर्मप्रचारखात्याने थेट नेमलेल्या व्हिकर अपोस्टॉलिकांची सत्ता, ह्या दोहोंतील तंट्याने मुंबई व साष्टीतील कॅथलिक समाज दुभंगला होता. दोन्ही पक्ष पोपलाच मानणारे, दोहोंचा धर्मसिद्धांत एकच, मिस्साही एकच. तंटा होता तो अधिकाराचा : ह्या देवालयाच्या किल्ल्या कोणाकडे? १८३८ मध्ये पोप सोळावे ग्रेगरी ह्यांनी 'मुल्ता प्राएक्लारे' हे आज्ञापत्र काढून पाद्रोआदोच्या सत्तेस मोठा संकोच केला, तेव्हा गोव्याच्या पक्षाने ते मानले नाही. ते आज्ञापत्र खरे नव्हेच, अथवा राजाच्या संमतीवाचून निघाल्यामुळे ते बंधनकारक नाही, असे युक्तिवाद पुढे आले. पोपच्या आज्ञापत्राविषयीच कॅथलिक समाजात असा अविश्वास निर्माण व्हावा, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. १८५३ मध्ये माहीमच्या सेंट मायकेल देवालयावरून तंटा इतका विकोपास गेला की बिशप हार्टमन हे आपल्या पक्षाच्या लोकांसह देवालयात अडकून पडले.

१८५७ व १८८६ ह्या दोन करारांनी तंटा मिटविण्याचा यत्न झाला. १८८६ च्या करारान्वये मुंबईस आर्चबिशपपीठ झाले, तर साष्टीचा बराच भाग पाद्रोआदोच्या दमण धर्मप्रांतात गेला, आणि मुंबई शहरात दोन्ही सत्तांची देवालये राहिली. हा दुहेरी अंमल १९२८ पर्यंत संपला नाही. ह्याच काळात, म्हणजे १८८७ मध्ये, येथील मूळच्या कॅथलिकांनी गोव्याहून आलेल्यांपासून स्वतःचे वेगळेपण दाखविण्यासाठी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले.

ह्या तारखा रिव्हिंग्टन ह्यांच्या तारखांजवळ ठेवून पाहाव्यात. मुंबईच्या अँग्लिकन मठाचे एक प्रमुख एका अखंड, निर्विवाद अधिकाराच्या शोधात रोमकडे निघाले, त्या वेळी त्यांच्याच मुंबईत व तिच्या उंबरठ्यावरील साष्टीत रोमलाच मानणारे दोन पक्ष अधिकाराच्या प्रश्नावरून अर्धशतकाहून अधिक काळ भांडून नुकते कोठे अर्धवट समेटावर आले होते. ह्यावरून रिव्हिंग्टन ह्यांचा तर्क खोटा ठरत नाही. अधिकाराचे तत्त्व आणि त्याचा व्यवहार ह्या भिन्न बाबी आहेत. परंतु रोमशी एकी म्हणजे सर्व वादांचा शेवट, ही जी समजूत अनुकूल व प्रतिकूल अशा दोन्ही पक्षांत रूढ होती, ती साष्टीच्या धर्मग्रामांत टिकणारी नव्हती.

६. मराठी माणसांचा प्रश्न

ह्या सर्व वादांत मराठी ख्रिस्ती व्यक्तींचे काय झाले, हा प्रश्न बहुतेक इंग्रजी ग्रंथांत तळटीपेपुरताच येतो. वस्तुतः प्रवादाचा खरा भार त्यांच्यावर पडला. फादर नेहेम्या गोऱ्हे, म्हणजे पूर्वाश्रमीचे नीळकंठशास्त्री, हे कोकणस्थ ब्राह्मण घराण्यातील. त्यांचा जन्म १८२५ मध्ये झाशीजवळ झाला, वाढले ते काशीस, आणि १८४८ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. 'षड्दर्शनदर्पण' ह्या त्यांच्या हिंदी ग्रंथाने त्यांचे पांडित्य सर्वमान्य झाले. इव्हँजेलिकल मिशनमध्ये दीक्षित झालेले गोऱ्हे पुढे विचारान्ती हाय चर्च मताकडे वळले, काउलीच्या संस्थेत उमेदवार म्हणून राहिले, पण अखेरची व्रते त्यांनी घेतली नाहीत. १८९५ मध्ये ते वारले ते अँग्लिकन म्हणूनच. परंपरेचे प्रामाण्य, उपवास, तप, गुरुपदाचे गांभीर्य ह्या गोष्टी शास्त्रीबुवांना परक्या नव्हत्या. काशीच्या पाठशाळेत वाढलेल्या विद्वानास त्या आपल्याशा वाटल्या असतील तर त्यासाठी रोमच्या कारस्थानाचा शोध घेण्याची आवश्यकता नाही.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण ह्याच्या उलट टोकाचे आहे. पुण्यात त्यांचा संबंध वाँटेज येथील अँग्लिकन भगिनीसंस्थेशी आला. गोऱ्हे ह्यांच्या लेखनाचा त्यांच्या मनावर परिणाम झाला, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तथापि त्यानंतरचा त्यांचा पत्रव्यवहार, जो १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, हा अधिकाराच्या प्रश्नावरील एक सलग वादच आहे. भगिनींची अपेक्षा अशी की, ज्या मंडळात दीक्षा घेतली त्याची सर्व शिकवण मान्य असली पाहिजे. रमाबाईंचे म्हणणे असे की, आपण ख्रिस्ताचा स्वीकार केला, कोणा बिशपच्या आज्ञेचा नव्हे. त्यांना मिळालेल्या क्रुसावरील लॅटिन अक्षरांऐवजी संस्कृत अक्षरे का नसावीत, हा त्यांचा प्रश्न केवळ भाषाभिमानाचा नव्हता. ज्या परंपरेचा हवाला दिला जात होता ती आपली नव्हे, हे त्यांनी त्यातून सुचविले होते. म्हणजे रिव्हिंग्टन ह्यांना अँग्लिकन मंडळात अधिकार अपुरा वाटला, आणि त्याच मंडळात रमाबाईंना तो अतिरेकी वाटला. एकाच दशकात, एकाच धार्मिक परिवारातून, अधिकाराच्या एकाच प्रश्नावरून एक रोमकडे गेले व दुसरी व्यक्ती सर्वच मंडळांच्या बाहेर स्वतःची वाट शोधू लागली.

आणि पुण्यातील हिंदू समाज? त्याचे उत्तर ऑक्टोबर १८९० मधील पंचहौद मिशनच्या प्रसिद्ध चहाप्रकरणात मिळते. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे पुढे आली, न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी मंडळी तेथे उपस्थित होती, गोपाळराव जोशी ह्यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापविली, ग्रामण्य उभे राहिले, शंकराचार्यांपर्यंत चौकशी गेली आणि प्रायश्चित्तांचा वाद दोन वर्षे चालला. हे मिशन कोणत्या पंथाचे आहे, तेथील पाद्री कँटरबरीचे की रोमचे, हा प्रश्न त्या वादात महत्त्वाचा ठरलाच नाही. इंग्लंडमध्ये ज्या विधींवरून धर्मगुरूंना तुरुंगात जावे लागले, त्या विधींचे पुण्यात कोणास काहीच वाटले नाही. तेथे प्रश्न होता तो पेल्याचा. प्रवादास लागणारे इंधन प्रत्येक समाज आपल्याच कोठारातून पुरवितो, ह्याचा हा स्पष्ट पुरावा होय.

७. उत्तरकालीन पडसाद

१८८६ च्या करारामुळे असंतुष्ट झालेल्या पाद्रोआदोच्या अनुयायांतून एक अनपेक्षित शाखा फुटली. गोव्याचे धर्मगुरू आल्वारिस ह्यांना २८ जुलै १८८९ रोजी कोट्टयम येथे सिरियन परंपरेतून बिशपपद मिळाले. १८९२ मध्ये कोलंबो येथे त्यांनी जोसेफ रने व्हिलाट ह्यांना बिशपपद दिले, आणि १८९८ मध्ये ह्याच व्हिलाट ह्यांनी वेल्समधील लँथोनी येथील अँग्लिकन संन्यासी फादर इग्नेशियस ह्यांना धर्मगुरूची दीक्षा दिली. रोमने ज्या दीक्षेला शून्यवत म्हटले होते, तिच्या जागी निर्विवाद दीक्षा मिळावी म्हणून धडपडणाऱ्या अँग्लिकनांपैकी एकाची परंपरा अशा रीतीने गोव्याच्या एका बंडखोर कॅथलिकापर्यंत येऊन पोहोचते.

पुढील काळात काही समूह खरोखरच गेले. अमेरिकेतील ग्रेमूरचे फ्रान्सिस्कन १९०९ मध्ये आणि वेल्समधील कॅल्डे बेटावरील बेनेडिक्टाइन संन्याशांपैकी बहुसंख्य १९१३ मध्ये रोमच्या मंडळात गेले. १९२१ ते १९२५ मध्ये बेल्जममधील मालीन येथे कार्डिनल मर्सिए ह्यांच्या आश्रयाखाली झालेल्या संवादांत पुन्हा हॅलिफॅक्स व पोर्ताल एकत्र आले. त्या बोलण्यांची वार्ता फुटताच तेच जुने आरोप नव्याने झाले. भारतात मात्र अँग्लिकनांचे एकीकरण अगदी विरुद्ध दिशेने घडले. मुंबईचे बिशप पामर (१९०८-१९२९) हे दक्षिण भारतातील प्रॉटेस्टंट एकीकरणाच्या योजनेचे एक प्रमुख पुरस्कर्ते होते. १९४७ मध्ये चर्च ऑफ साउथ इंडिया आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन होऊन मुंबईचे अँग्लिकन धर्मप्रांतही त्यात विलीन झाले. जे रोमला जाणार असे म्हटले जात होते, ते अखेरीस प्रेसबिटेरियन व अन्य मंडळींशी एक झाले.

तरीही प्रवाद संपले नाहीत. कँटरबरीशी संबंध नसलेल्या एका परंपरावादी अँग्लिकन संघाने २००७ मध्ये रोमकडे पूर्ण एकीची विनंती केली. भारतातील एक लहान मंडळही त्या संघात होते. ४ नोव्हेंबर २००९ च्या संविधानाने पोप सोळावे बेनेडिक्ट ह्यांनी अँग्लिकन गटांसाठी स्वतंत्र रचना उपलब्ध करून दिली, तेव्हा लाखो लोक एकाच वेळी मंडळ बदलणार, कॅथलिक धर्मगुरूंचे ब्रह्मचर्य रद्द होणार, अँग्लिकन दीक्षा मान्य झाली, अशा वार्ता जगभर पसरल्या. प्रत्यक्षात विवाहित धर्मगुरूंना वैयक्तिक सवलत मिळाली, बिशपपदास अविवाहित असण्याची अट कायम राहिली आणि येणाऱ्या धर्मगुरूंना नव्याने दीक्षा घ्यावी लागली. म्हणजे १८९६ चा निर्णय अबाधित राहिला. २०११ व २०१२ मध्ये इंग्लंड, अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथे अशा तीन रचना स्थापन झाल्या. भारतात एकही झाली नाही. विनंती करणाऱ्या त्या संघाच्या बिशपांनीही २०१२ मध्ये बहुमताने अँग्लिकनच राहण्याचे ठरविले. पुलर व रिव्हिंग्टन ह्यांच्यातील भेद शंभराहून अधिक वर्षांनी पुन्हा एकदा प्रत्ययास आला.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, प्रवादाच्या मुळाशी बहुधा एखादे सत्य असते, पण ते चुकीच्या व्यक्तीस वा चुकीच्या समूहास लावलेले असते. रिव्हिंग्टन गेले हे सत्य, काउलीची संस्था जाणार हे असत्य. दुसरा असा की, धर्मांतरानंतर लिहिलेली पुस्तके व त्यांना दिलेली उत्तरे ही दोन्ही पक्षकारांची कैफियत असते. रिव्हिंग्टन ह्यांचा ग्रंथ पुलर ह्यांच्या ग्रंथाशेजारी ठेवूनच वाचला पाहिजे. गोऱ्हे ह्यांचे १९०० मध्ये प्रसिद्ध झालेले चरित्र त्यांच्याच संस्थेतील गार्डनर ह्यांनी लिहिले आहे, हेही विसरता कामा नये. तिसरा निष्कर्ष अधिक व्यापक आहे. 'कॅथलिक', 'एकी', 'अधिकार' हे शब्द माझगाव, मरोळ व पुणे येथे निरनिराळ्या अर्थांनी वापरले जात होते. साधनांतील शब्द कोणाच्या तोंडचा व कोणत्या गावचा आहे हे न पाहता त्याचा अर्थ लावणारा संशोधक, त्या काळच्या प्रवादकर्त्यांचीच चूक नव्याने करील.

साष्टीतील धर्मग्रामांच्या नोंदवह्या, मराठी ख्रिस्ती नियतकालिके आणि मठांचे वार्षिक वृत्तांत ही साधने ह्या दृष्टीने एकत्र वाचली गेली पाहिजेत. बिशप व आज्ञापत्रे ह्यांचा इतिहास बराच लिहिला गेला आहे. ज्यांच्या वतीने हे सर्व बोलले जात होते, त्या मरोळच्या शेतकऱ्याला व उमरखाडीच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबाला आपण नक्की कोणाचे आहोत असे वाटत होते, हा इतिहास अद्याप लिहावयाचा आहे.